काटा खोटं बोलत नव्हता, पण…

"काडी कुणी पेटवली?" तोटीने नाक वर करून विचारलं.

टिचकी आणि भुंगा गाडीच्या काचा पुसत होते. दुपारी मामाची शर्यत होती. गाडी आरशासारखी चमकली तर मुलांना शर्यतीच्या मैदानावर गाडीच्या तंबूत बसायला मिळणार होतं, म्हणून दोघं पहाटेपासून हात झिजवत होते. भुंगा म्हणजे टिचकीचा धाकटा भाऊ. काम करताना तो सतत गुणगुणायचा, आणि गुणगुण थांबली की समजायचं, स्वारीने काहीतरी लपवलंय. तोटी शेजारच्या नळकाम करणाऱ्या काकांची मुलगी. सुट्टी लागल्यापासून ती घरी फक्त जेवायला जात असे.

काडी कुणीच पेटवली नव्हती. आईच्या गॅरेजमध्ये काडेपेटीला बंदीच होती. पण वास होता खरा, नाकात टोचणारा. तिघं वास घेत गाडीभोवती फिरली. डिकीपाशी काही नाही, चाकांपाशी काही नाही. बॉनेट उघडलं आणि इंजिनात हवा नेणाऱ्या जाड नळीच्या तोंडाशी भुंग्याला सटकन शिंक आली.

टिचकीने त्याला मागे ओढलं. हा वास तिला ओळखीचा होता. डिकीतल्या निळ्या बाटलीत नायट्रस होतं. मामाने शर्यतीत बटण दाबलं की ते इंजिनात शिरायचं, पेट्रोल दुप्पट जोराने जळायचं आणि गाडी उधळायची. कुणी चुकूनही हुंगू नये म्हणून त्यात मुद्दाम हा घाणेरडा वास मिसळलेला असे. पण तो वास आत्ता, उभ्या गाडीत, हवेच्या नळीत कशाला?

ती डिकीकडे धावली. बाटलीची चावी चक्क उघडी होती! आईचा नियम गॅरेजमधल्या मांजरालाही पाठ होता: बाटली उघडायची ती शर्यतीच्या रांगेत, आणि बंद करायची ती शर्यत संपताक्षणी. टिचकीने आधी चावी घट्ट बंद केली.

"पण बाटलीवरचा काटा बघ की," भुंगा म्हणाला. "कालच्याच जागी आहे."

टिचकीने काट्याकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहिलं. आई रोज संध्याकाळी बाटलीचे पट्टे सोडून, नळी न काढता, तिला वजनाच्या ताणकाट्याला अडकवून वीतभर उचलायची आणि वजन खडूने भिंतीवर लिहायची. तो खडू आईच्या खिशातून कधी कुणाच्या हाती जात नसे. मामा या वजनाला 'भाजीवालीचा कारभार' म्हणायचा. कालचा आकडा होता अकरा किलो तीनशे. टिचकीने आणि तोटीने मिळून बाटली तशीच उचलली. दहा किलो नऊशे.

"चारशे ग्रॅम गेलं कुठे?" तोटी पुटपुटली. मग ती बॉनेटखाली वाकली आणि तिथून ओरडली, "ही तर आमच्या बाबांची पट्टी आहे!"

बटण दाबल्यावरच गॅस आत सोडणाऱ्या, इंजिनाजवळच्या झडपेत जिथे बाटलीची नळी शिरत होती, त्या आट्यांमधून पांढऱ्या पट्टीचं टोक डोकावत होतं. पाण्याचा नळ गळू नये म्हणून बसवतात ती पट्टी. काल रात्री जेवताना मामा ती मागायला आला होता, हे तोटीला पक्कं आठवत होतं.

तेवढ्यात मामा शीळ घालत आला. त्याला गाडी सुरू करून ट्रेलरवर चढवायची होती. आई पहाटेच मैदानावर गेली होती. टिचकीने एका दमात सगळं सांगितलं: बाटली उघडी होती, गॅस इंजिनात साचलाय, आता ठिणगी पडली तर नळीसकट सगळं उडेल.

मामा हसला. "अगं, गळलं असतं तर काटा खाली आला नसता का? काटा कधी खोटं बोलत नाही." आणि तो आत बसला. त्याने गाडी सुरू करायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. शर्यतीच्या गाडीला बाहेरून वीज तोडणारी एक लाल किल्ली असते. मामाने मान बाहेर काढून पाहिलं, तर तिची जागा रिकामी.

गॅरेज एकदम शांत झालं होतं. कुणीही गुणगुणत नव्हतं.

"भुंग्या, किल्ली," मामाने हात पुढे केला.

"आई आली की देतो," भुंगा म्हणाला आणि पळाला. मामा मागे, भुंगा पुढे, अशी गाडीभोवती तीन चकरा झाल्या. तेवढ्यात टिचकीने आईला फोन केला. आई एवढंच म्हणाली, "कुणी काही सुरू करू नका. दार उघडा आणि बाहेर थांबा."

तोटीने दार सताड उघडलं. टिचकी मामाच्या आडवी आली. ती जागची हटली नाही. "मामा, फळीवर सरावाची बाटली आहे. अर्धी संपलेली. तिचा काटा बघ आणि मग मला बाजूला कर."

मामाने चरफडत पाहिलं. मग या बाटलीकडे पाहिलं, मग पुन्हा त्या. दोन्ही काटे एकाच आकड्यावर होते. मामा मुकाट्याने मुलांबरोबर बाहेर येऊन उभा राहिला.

आईने आल्या आल्या गाडी दाराबाहेर ढकलायला लावली, नळीत अडकलेला गॅस मोकळ्यावर सोडला आणि हवेची नळी काढून इंजिन वारं खायला उघडं ठेवलं. मग तिने झडप खोलली. आत पट्टीचा नखाएवढा तुकडा अडकला होता, आणि त्यामुळे झडप पुरती मिटतच नव्हती.

"सांधा जरा ओलसर वाटला," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "तुला कशाला त्रास, म्हणून पट्टी लावली. गळतंय का ते बघायला चावी उघडली आणि... विसरलो."

"नळाची पट्टी नळाला," आई म्हणाली. "तिचे तुकडे सुटतात. आणि काटा खोटं बोलत नाही, हे खरंच. तो आतला दाब सांगतो. आत द्रव आहे तोवर दाब तोच राहतो, फक्त ऊन-थंडीने बदलतो. माल किती उरलाय, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. ते वजन सांगतं." मग ती मुलांकडे वळली. "आज ही पोरं नसती तर मी कुणाला हाका मारत बसले असते, कोण जाणे." तिचे डोळे भरून आले होते. मामाने भुंग्याला उचलून खांद्यावर घेतलं.

झडप साफ झाली, सांध्याला योग्य लेप लागला. निघण्यापूर्वी मामाने कुणी न सांगता पट्टे सोडले आणि बाटली ताणकाट्याला अडकवून स्वतः उचलली. "वाच गं," तो टिचकीला म्हणाला.

"दहा किलो आठशे. नळीतलं सोडलं ते शंभर ग्रॅम गेलं."

आईने खिशात हात घातला, खडू काढला आणि टिचकीच्या तळहातावर ठेवला. "लिही," ती म्हणाली. "आणि हा आता तुझ्याकडेच ठेव."