चौदा नंबरचा ठोकळा

पहार भिंतीला टेकवून ठेव, कोल्टन, आणि बस. ब्रिन, तू ती बादली उलटी कर आणि ड्रायरजवळ बस, तेवढीच ऊब. या धुलाईखोलीतली दोन यंत्रं रात्रभर चालतात म्हणून घरगाड्यांच्या या तळावरची माणसं इथे शेकायला येतात, नाहीतर उणे अठ्ठावीसात कोण कुणाचं तोंड बघायला येतंय! कॉफी घ्या. सकाळची आहे, पण गरम आहे.

तर तुमची घरगाडी जॅकवरून उतरत नाही. उद्या टेक्सासला निघायचंय, नवीन काम धरलंय, आणि मागचा डावा जॅक, गाडी उचलून धरणारा तो पाय, वर यायचं नाव घेत नाही. म्हणून हा पठ्ठ्या आता, रात्री अकरा वाजता, पहार घेऊन गाडीखाली शिरणार. व्हिडिओत पाहिलंय म्हणे. अरे, व्हिडिओतला तो माणूस फ्लोरिडात होता, अर्ध्या चड्डीत. त्याच्या पंपातलं ऑइल पाण्यासारखं वाहत होतं. इथे नॉर्थ डकोटात जानेवारीत तुझ्या टाकीतल्या ऑइलचा मध झालाय. ते जॅकमधून परत टाकीत जायला तास लावेल, आणि तुला धीर नाही पाच मिनिटांचा.

काय म्हणालास? टाकीत वरून ऑइलही ओतलंस? जॅक खाली असताना? शाबास. आता जॅक वर आले की त्यांच्यातलं सगळं लाल ऑइल टाकीत परत येणार, टाकी उतू जाणार, आणि खालच्या कप्प्यातले तुमचे कपडे लाल होणार. जॅकच्या पायांखाली फळ्या तरी घातल्या होत्यास का? नाही. म्हणजे पाय जमिनीला गोठून चिकटलेत. एकाच गाडीत तीनदा शेण खाल्लंस. आणि तू हसू नकोस, ब्रिन. लग्न तू केलंयस त्याच्याशी.

तोंड पाडू नकोस रे. तुझ्याहून मोठा शहाणा मी पाहिलाय, आणि तो तर मिस्त्री होता. डेल्मर राउश. अकरा वर्षं आम्ही दोघं एका व्हॅनमधून घरगाड्या दुरुस्त करत हिंडलो. हात सोन्याचा होता त्याचा, ते नाकारत नाही. पंपाचा आवाज ऐकून सांगायचा, बॅटरी मेलीय की ऑइल गोठलंय. पण जीभ… गिऱ्हाइकाला माणूस समजायचाच नाही. "या लोकांना चालत्या घरात राहायची हौस, आणि अक्कल राहिली जुन्या घरी," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. मी हसायचो. ते मी लपवत नाही.

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं असेल तर आधी चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, दोन लाकडी ठोकळे घालायचे. हायड्रॉलिकवर, नुसत्या ऑइलच्या दाबावर, विश्वास ठेवायचा नाही. एखादी नळी फुटली, एखादा जॅक सटकला, तर दहा टन वजन तुझी ओळख विचारत बसत नाही. मी आजही ठोकळे घालतो. डेल्मर कधी घालायचा नाही. म्हणायचा, "ठोकळे म्हातारे घालतात."

दोन हजार सतराच्या जानेवारीत, वॉटफर्ड सिटीच्या रस्त्यावर, नदीच्या पुलाअलीकडे एक तळ होता. चौदा नंबरच्या जागेवर एमेट वोल्ड नावाचा माणूस राहायचा. तेलाच्या विहिरीवर रात्रपाळी करायचा. साठीकडे झुकलेला, एकटा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची मुलगी मायनॉटच्या दवाखान्यात, पहिलं बाळंतपण, अडलेली. त्याला रात्रीतून तिथे पोचायचं होतं आणि ती घरगाडी हे एकच वाहन त्याच्याकडे. जॅक वर येईनात. त्यानं डेल्मरला फोन केला, रात्री अकरा वीसला.

डेल्मर पांघरुणात होता. कोण उठणार? त्यानं फोनवरच धडा दिला. "अहो राजे, काही झालेलं नाही. ऑइल घट्ट झालंय, स्प्रिंग जॅक वर ओढत नाही. पहार घ्या, खाली शिरा, स्प्रिंगला एक दणका द्या. शाळकरी पोराला जमेल."

एमेट म्हणाला, "माझ्याकडे ठोकळे आहेत दोन. आधी ते घालू का?"

"ठोकळे म्हातारे घालतात," डेल्मर म्हणाला, आणि हसला, आणि फोन ठेवला.

सकाळी सापडला एमेट. गाडी मागच्या बाजूनं खाली बसली होती. बाहेर फक्त बूट दिसत होते. नात सहा वाजता झाली, सुखरूप.

मला हे कसं ठाऊक? डेल्मरनंच सांगितलं, त्याच आठवड्यात, नाश्त्याला. पॅनकेकवर पाक ओतत सांगितलं. म्हणाला, "दणका द्यायला सांगितलं होतं, झोपायला नव्हतं सांगितलं." मी काय केलं? माझे पॅनकेक संपवले. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते. पण तेव्हा मी खाल्ले.

पुढे तेलाचा भाव पडला, माणसं गेली, पुलाजवळचा तो तळ बंद झाला. वीज तोडली. डेल्मरनं फोनवर सल्ले द्यायचं मात्र सोडून दिलं. पश्चात्ताप? छे! वकिलाची भीती.

आता ऐका. एकोणतीस जानेवारी, दोन हजार एकोणीस. मंगळवार. उणे चौतीस. त्या रात्री थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठत होती. मी तापानं फणफणलो होतो, म्हणून व्हॅन डेल्मरकडे होती. रात्री अकरा वीसला त्याचा फोन वाजला.

पुरुषाचा आवाज. सभ्य. "पुलाजवळच्या तळावर आहे. चौदा नंबर. जॅक वर येत नाहीत. मला पहाटेच्या आत पोचायचंय."

डेल्मरला वाटलं, कुणीतरी फुकटे बंद तळावर घुसलेत आणि आता गोठतायत. अशांना चार शिव्या घालायची संधी तो सोडणार? शिवाय फोनवर सल्ला द्यायचा नाही हे ठरलेलं. गेला.

वाऱ्यानं रस्त्यावरचा बर्फ झाडून नेला होता, गाडी चालवायला त्रास नव्हता. तळाचं फाटक उघडं होतं. आत सगळ्या जागा रिकाम्या, नुसते विजेचे खांब. शेवटी चौदा नंबरवर एक घरगाडी. मोठी, जुनी. खिडकीत पिवळा दिवा.

डेल्मर विजेरी घेऊन उतरला. दार वाजवलं. कुणी आलं नाही. तो वळसा घालून मागे गेला. गाडीखालून दोन बूट बाहेर आले होते.

"वा!" डेल्मर म्हणाला. "मिस्त्रीला बोलवायचं आणि मिस्त्री येईपर्यंत स्वतःच खाली शिरायचं. बाहेर या, काका. ते तुमचं काम नाही."

"आलात?" खालून आवाज आला. "पहार आणलीत?"

"पहार कशाला? पंपाला गरम हवा द्यायची, अर्धा तास थांबायचं. बाहेर या म्हणतो ना."

"मला निघता येत नाही."

"का? चिकटलात काय जमिनीला?"

खालून कुणी हसलं नाही. आवाज म्हणाला, "ठोकळे घातलेत का, बघता जरा?"

आणि डेल्मर… सवय हो. जिभेवरचं वाक्य. त्यानं विजेरी झटकली आणि म्हणाला, "ठोकळे म्हातारे घालतात."

वारा थांबला.

"हो," खालून आवाज आला. "तेव्हाही असंच म्हणाला होतात."

डेल्मरनं मला सांगितलं, त्या क्षणी त्याला आवाज ओळखता आला. बूटही. एमेट गेला तेव्हा पेपरातल्या फोटोत पाहिले होते.

मग पंप चालू झाला.

तिथे वीज नव्हती. तरी चालू झाला. घरघर. गाडीचा मागचा भाग खाली यायला लागला. हळू. उणे चौतीसात ऑइल किती हळू वाहतं… तितक्या हळू. एक बोट. आणखी एक बोट.

"अजून वेळ आहे," आवाज म्हणाला. शांत. "ऑइल घट्ट आहे."

डेल्मरला पळायचं होतं. तो व्हॅनकडे वळला.

"पायरीखाली ठोकळे आहेत. दोन. तेव्हाही होते."

डेल्मरनं विजेरी फिरवली. पायरीखाली, कोरड्या जागेत, दोन ओकचे ठोकळे. नवे. कापलेल्या कडा अजून पांढऱ्या.

गाडी आणखी एक बोट खाली.

काय झालं त्याला, देव जाणे. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं ऐकलं त्यानं. गुडघ्यांवर बसला. एक ठोकळा उचलला. चासीखाली सरकवायला हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल बर्फाला टेकलेला.

आतून कुणीतरी ठोकळा धरला.

ओढला नाही. नुसता धरला. बरोबर जागी नेला.

"दुसरा," आवाज म्हणाला.

डेल्मरनं हात मागे घेऊन पाहिला. हात येईना. कुणी धरलेला नव्हता. नुसता… येईना. आणि पंप चालूच. आणि वरची चासी खाली. हळू…

"दुसरा," पुन्हा आवाज. "म्हणजे तुम्हीही सुटाल. मीही."

दुसरा पायरीखाली. डावा हात तिथवर पोचेना. चार बोटं कमी.

"राहू द्या मग," आवाज म्हणाला. "एकावर बघू."

लाकूड कण्हलं.

मग काही नाही…

सकाळी तो घरी नाही म्हणून मीच शोधायला गेलो, ताप अंगात घेऊन. व्हॅन फाटकाच्या आत उभी, इंजिन बंद पडलेलं. डेल्मर चौदा नंबरवर पोटावर पडलेला, उजवा हात समोर पसरलेला. जिवंत होता. बर्फावर एकाच माणसाचे पाय उमटले होते, त्याचे. चाकाची खूण नाही, जॅकची खूण नाही. घरगाडी तिथे दोन वर्षांत आली नव्हती, कारण एमेटची गाडी केव्हाच भंगारात गेली होती. उजव्या हाताची चार बोटं कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, गारठा. असेल. हाताच्या पालथ्या बाजूवर मात्र सरळ पट्टा उमटला होता, चासीच्या रुंदीचा.

स्वस्तात सुटला, असं मी म्हणतो. तोंडावर म्हटलंय त्याच्या. बिस्मार्कला बहिणीकडे असतो आता. डाव्या हातानं सूप पितो आणि गाडीचा विषय निघाला की उठून जातो. मला त्याची कीव येत नाही. येते थोडी. पण एमेटची जास्त येते, त्यानं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं.

काय, कोल्टन? विश्वास नाही? थंडीत डोकं फिरलं म्हणतोस. मलाही तसंच वाटलं असतं, पण डेल्मरच्या पसरलेल्या हातापुढे एक ठोकळा होता. ओकचा. वरच्या बाजूला खोल खळगा पडलेला, आणि खळग्यात लाल ऑइल. पायरीखालचा दुसरा काही मिळाला नाही. पायरीच नव्हती. तो एक मी घेऊन आलो, तिथे टाकून यायला मन होईना.

मघाशी आत आलात तेव्हा तुम्ही तो ओलांडलात. दार अडवायला बाहेर ठेवलाय, नोव्हेंबरपासून बर्फातच आहे. किती वाजले, ब्रिन? अकरा वीस… बरं.

जा, कोल्टन. घेऊन ये. एवढी पहार घेऊन गाडीखाली शिरणार होतास, दाराबाहेर जायला काय भीती! दार लाव पाठीमागे, गारठा येतोय.

आण. दिव्याखाली धर. दिसतोय खळगा? त्यात बोट घाल. हातमोजा काढून घाल.

…

का रे? हात झटकन मागे का घेतलास?

ब्रिन, तू बघ. त्याचं बोट बघ. लाल आहे ना? पातळ आहे. थेंब पडतोय. त्याच्या टाकीतल्या ऑइलचा मध झालाय, आणि हे उणे अठ्ठावीसात, बर्फात, तीन महिने…

हात लाव, पोरी. घाबरू नकोस.

कोमट आहे ना? दर वर्षी, याच रात्री, याच वेळेला. मी पुसून ठेवतो. पुन्हा येतं.

सकाळी दहाला तुझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन ये, पंपाला ऊब देऊ. माझे दोन ठोकळे आणतो. तुम्ही एक दिवस उशिरा पोचाल, टेक्सास कुठे पळून जात नाही. आता झोपा. कोल्टन… पहार?

राहिली तर राहू दे तिथेच.