तीन हातांचा धुरा

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन झालं आणि दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याकडच्या करडी गावची मंडळी जुनी ‘विक्रांत’ पाहायला निघाली. कधीकाळी जिच्या पाठीवरून विमानं उडायची, ती युद्धनौका त्या वर्षांत मुंबईच्या किनाऱ्याला संग्रहालय होऊन शांत उभी होती. वरच्या डेकवर खारा वारा सुटला होता. रत्नमाला ओढणी सावरत होती, तेवढ्यात खाली मान घालून पावलं मोजत येणारा एक तरुण तिच्यावर आदळता आदळता थांबला.

“एकशे ब्याण्णव… माफ करा हं—”

तिनं ओळखलं. हाच तो भंडाऱ्याचा मोजणीदार, सुगत! उन्हाळ्यात करडीला आला आणि बाबांच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताची हद्दच, तीन हात आत सरकवून गेला. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाही तिचे बाबा, बाबुलाल, इतके चिडले नव्हते.

“इथंबी मोजून राहिले? आता समुद्राचा धुरा सरकवता काय जी?”

“सवय आहे…” तो हसला. “बाबाचा राग गेला नाई वाटते?”

“तुमचं नाव निघालं का ताटावरून उठतात.”

“अन् तुम्ही?”

राग बाबांचा होता. तिचा वाटा त्यात किती, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“तीन हात खोटं लिवलं असतं,” तो हळूच म्हणाला, “तं आज तुमच्याकडं मान वर करून पाहता आलं नसतं.”

तेवढ्यात मागून बाबुलाल आलेच.

“हा इथंबी! सांग बरं, केवढं लांब आहे जहाज?”

“पावलानं मोजलं, काकाजी. मीटर म्हणाल तं दोनशे दहाच्या वर, पंधराच्या आत.”

बाबुलाल तडक गणवेशातल्या नौसैनिकाकडे गेले. “साहब, कितना लंबा है?”

“दो सौ तेरह मीटर, बाबा.”

बाबुलालनी सुगतच्या चपलांकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, “चल रत्ना.”

जानेवारीत ती भंडाऱ्याच्या मोजणी कार्यालयात दारात उभी दिसली, तसा सुगतचा चेहरा उतरला.

“फेरमोजणीचा अर्ज? पुन्हा मोजलं तरी तेवढंच निघंल… मग बाबा मले दारात उभंबी करणार नाई.”

“अर्ज नाई. बाबानं रविवारी जेवायले बोलावलं. मोजणीची साखळी घरी ठेवून या म्हणतात.”

“अन् तुम्ही काय म्हणता?”

“मी?” तिनं नजर खिडकीबाहेर नेली. “मोजणीच्या दिवशी मी चारदा पाणी घेऊन बांधीवर आली. चारही वेळा तुम्ही गिलास रिकामा केला… एवढी तहान कोणाले लागते जी?”