नऊ नंबरची वायर

दिपा राठोड साखऱ्याच्या पुढच्या त्या शाळेत पोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. काम तिच्या रोजच्यातलंच. कुठल्या बँकेनं, कुठल्या कॉलेजनं काढून टाकलेले बावीस संगणक शाळेला मिळाले होते. एकाला दुसऱ्याचा मेळ नव्हता. त्या सगळ्यांत एकच तयार सिस्टिम भरायची होती. उद्या तपासणी. खोली चालू दिसली नाही तर संगणक उचलून दुसऱ्या शाळेला जाणार होते. दिपा तांड्यावरची. संगणकाला पहिला हात लावायला तिला एकोणिसावं वर्ष लागलं होतं. हे काम ती अर्धं सोडून जाणार नव्हती.

एकेकात पेनड्राइव्ह लावत बसलं तर दिवस पुरला नसता. म्हणून तिनं सगळे संगणक वायरींनी शाळेतल्याच स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडायच्या डबीला, जोडले आणि आपल्या लॅपटॉपचाच सर्व्हर केला. रिकामा संगणक जागा झाला की वायरीवर हाक देतो, मला नेटवर्कवरचा पत्ता द्या, काय सुरू करू ते सांगा. सर्व्हर उत्तर देतो, सुरू व्हायची फाइल पाठवतो. जुन्यांना एक फाइल लागते, नव्यांना दुसरी.

बारापर्यंत अकरा जुने संगणक सुरू झाले. नवे अकरा मात्र काळ्या पडद्यावर अडून बसले. दिपानं फाइल बदलली, सेटिंगमधलं सुरक्षेचं कुलूप काढलं, वायरी बदलल्या. एकही हलेना.

सकाळची शाळा सुटून गेली होती. डोक्यावरचे पत्रे उन्हानं तडतडत होते. जवळच्या शेतात हळद शिजत होती, तिचा उग्र, ओलसर वास खोलीत साचला होता. शिपाई मसाजी मामा दारात पाय पसरून बसले होते.

वैतागून दिपानं लॅपटॉप बंद केला. आणि तेवढ्यात समोरच्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. त्याला पत्ता मिळाला होता.

ती बघत राहिली. सर्व्हर तर बंद होता. मग उत्तर कोण देत होतं?

"मामा, शाळेत दुसरा सर्व्हर आहे का कुठं?"

"व्हता ना. व्यंकटराव सरांचा. सर वारले त्याला तीन वर्सं झाली. त्यांच्या माघारी भंगारात गेला त्यो."

दिपानं स्विचमधून एकेक वायर काढून पाहिली. नऊ नंबरची निघाली, आणि ती ओळ पुसली गेली. ती तिनं लावलेली नव्हती, डबीत आधीपासूनच होती. ती वायर भिंतीच्या कडेकडेनं मागच्या लोखंडी कपाटात शिरत होती.

मसाजींनी किल्ली लावली, पण दार उघडायला हात उचलला नाही. दिपानंच ते ओढलं. आत रिकामे कप्पे, बोटभर धूळ. धुळीत वायरीचं टोक मोकळं पडलेलं. कशालाच जोडलेलं नाही. आणि लवंगेचा वास... ताजा, जणू आत्ताच कुणी शेजारी चावलीय.

"सरांच्या तोंडात सारखी लवंग राहायची," मसाजी हळू आवाजात म्हणाले.

दिपानं परत जाऊन नऊ नंबरची वायर स्विचमध्ये बसवली. तिथला हिरवा दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या टोकाला काही असल्याशिवाय तो लागत नाही.

वायर कापून टाकावी, असं मनात आलं. मग तिला उद्याची सकाळ आठवली. लॅपटॉप सुरू करून तिनं अडलेले अकराही संगणक पुन्हा चालू केले.

पहिला सुरू झाला. मग तिसरा. मग एकेक करत सगळे. प्रत्येकाला वेगळी फाइल मिळत होती, त्यातल्या कितीतरी तिनं बनवलेल्याच नव्हत्या. सिस्टिम मात्र तिच्या लॅपटॉपमधूनच उतरत होती. ती नुसती उभी राहून बघत होती.

"सर म्हनायचे, परत्येक लेकराला येगळं सांगावं लागतंय," मसाजी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ती वायर, ताई. त्यांनी कुन्या लेकराचं वाईट केलं न्हाई."

चार वाजता बावीसही पडद्यांवर तयार सिस्टिमचा निळा रंग आला. मसाजींच्या घरून आलेली भाकर-चटणी तिनं पोटभर खाल्ली. भीती होती, पण तिच्याहून समाधान मोठं होतं. दुसऱ्या दिवशी तपासणी नीट पार पडली. संगणक शाळेतच राहिले.

श्रावणात एका दुपारी दिपा वारंगा फाट्याला चहा घेत होती. मसाजींचा फोन आला.

"ताई, एक इचारायचं व्हतं. कालच्या वाऱ्यात गावातले खांब पडले. कालपासून लाईट न्हाई."

"मग संगणक बंद ठेवा, मामा."

"तेच तर... लेकरं शिकून राहिलीत. बावीस चालू हायेत. मी मेनचा खटका पाडाया गेलो, तर त्यो सकाळपासून खालीच हाय, बंद."

दिपानं फोन कानाशी घट्ट धरला. मागून बटणांची टकटक येत होती. एक पोरगी काहीतरी बरोबर आल्यासारखी खुदकन हसली.

"उठवू का त्यांना?"

चहा निवत होता.

"नको," दिपा म्हणाली. "बसू द्या."