टाकीच्या रेषेत

पहिल्यांदा तिला त्याचे फक्त पाय दिसले. उलट्या ठेवलेल्या बोटीखालून बाहेर आलेले, ग्रीसनं माखलेले... आणि ती इतक्या घाईत होती की त्यांना अडखळून थेट रंगाच्या डब्यांवर जाऊन आदळली.

"लागलं का?" बोटीखालून आवाज आला.

"ते राहू द्या. बोट हवीये. परवा पहाटे."

आता हसरे डोळे बाहेर आले. दुरुस्तीच्या त्या शेडचा मालक, मेकॅनिक आणि झाडूवाला, सगळं तो एकटाच होता. "कुणाला?"

"आत्याला."

"आत्या चालवणार?"

"आत्या पोहणार! तलाव पार करणार. बोट तिच्या डाव्या बाजूनं चालणार. बोटीत मी, नोंद ठेवणारे एक निरीक्षक आणि... तुम्ही."

"मी हो म्हटलं?"

"म्हणणार आहात."

ठरलेल्या बोटवाल्यानं त्याच सकाळी हात वर केले होते, आणि तिच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. गेल्या वर्षी दुपारचा वारा सुटला आणि काठ समोर दिसत असताना आत्याला पाण्यातून ओढून काढावं लागलं होतं. ओढणारे हात हिचेच होते. घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाली होती, "अजून एकदा. मग नाही."

तो हो म्हणाला. मग दोरी पुरेशी लांब आहे का, बाटल्या कुठे ठेवायच्या, पेट्रोल जास्तीचं घेतलं का, असं काहीबाही विचारायला ती शेडवर खेटे घालू लागली.

"हे सकाळीच विचारलंत," तो म्हणाला.

"उत्तर बदललं का ते बघायला आले."

"उत्तर तेच आहे... पण या तुम्ही." आणि तो उगाचच पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

ठरल्या पहाटे आत्या पाण्यात उतरली. ती श्वास घ्यायची फक्त डावीकडे वळून. दर श्वासाला तिला दिसायची ती बोट, आणि बोट जाईल तिकडे ती जायची. म्हणून सुकाणू धरणाऱ्यानं पलीकडच्या काठावरची पांढरी टाकी नजरेत ठेवायची, बस्स. ते त्यानं मान्यही केलं होतं.

पण बोटीत हिचा पाय कुठे ठरतोय! आत्याकडे बघायला इकडे, वाऱ्याचा अंदाज घ्यायला तिकडे, बाटलीला दोरी बांधायला मध्ये... ऊन चढलं. पाणी प्यायला थांबलेली आत्या हात मारत जागच्या जागी तरंगली आणि ओरडली, "अगं, टाकी समोर होती ना? ती उजवीकडे कधी गेली?"

निरीक्षकांनी चष्मा सावरला. "बरंच भरकटलोय आपण."

पाण्यावर बारीक लाटा उठायला लागल्या होत्या. आत्याच्या दमलेल्या हातांना हा फुकटचा वळसा कोण भरून देणार होतं?

"इंजिन बिघडलंय का?" ती त्याच्यावर कडाडली.

"नाही."

"मग बोट का वाकडी जातेय?"

"तुमच्यामुळे."

"मी काय केलं?"

"काही नाही..." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही जिथं जाता, तिकडे मान वळते. टाकीकडे बघायचं राहूनच जातं."

निरीक्षक एकदम आकाश निरखू लागले. तिला राग आला, हसू आलं, रडूही आलं. आणि आवडलं... फार आवडलं. पण पाण्यात आत्या होती. ती तडक बोटीच्या पुढच्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"माझ्या डोक्यामागे टाकी दिसतेय?"

"थोडं डावीकडे सरका... हां. दिसतेय."

"आता बघा. हवं तितकं बघा. पण टाकी डोक्यामागून सरकली तर माझ्याशी गाठ आहे."

आणि त्यानं बघितलं. वारा वाढला, बोट हेलकावू लागली, तरी त्याची नजर ढळली नाही. काठाकडे तिची पाठ होती. अजून किती राहिलं, हे तिला फक्त त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मध्येच तो काळवंडला. तिनं बघितलं तर आत्याचे हात जड झाले होते. "चल गं आत्या, चल!" ती घसा फुटेपर्यंत ओरडत राहिली, पण जागची हलली नाही. हात तेवढे घट्ट मिटून घेतले.

मग हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला. शेवटी तो नुसता मान डोलवायला लागला, आणि तिनं वळून बघितलं. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली होती. डगमगली, सावरली, स्वतःच्या पायांनी कोरड्या वाळूवर गेली आणि तिथंच फतकल मारून बसली.

"पूर्ण!" निरीक्षक ओरडले आणि टॉवेल घेऊन पाण्यात उतरले.

बोटीत ती दोघंच राहिली. त्यानं इंजिन बंद केलं. "जा ना, आत्या वाट बघतायत."

"जाते..." ती म्हणाली. इतका वेळ तिनं त्याच्या चेहऱ्यात फक्त काठ शोधला होता. "थांब जरा. आता मला बघू दे."

तो थांबला. सुकाणू सोडून, तेलकट हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा अगदी ताठ.

"अहो, त्या दोघांना बोलवू का?" काठावर निरीक्षकांनी विचारलं.

"राहू द्या हो," टॉवेलात गुरफटलेली आत्या धापा टाकत म्हणाली. "मी पोचले. त्यांना पोचायला वेळ लागेल."