पत्रोबाची साखर वाढली

अंगात रक्ताचा टिपूस नसलेल्या पत्रोबाची साखर चारशे बारा भरली! हसू नका. त्या दिवशी केवणीच्या खाडीतले खेकडेसुद्धा हसून आडवे झाले होते.

पत्रोबा म्हणजे पोहण्याच्या शर्यतीचा यंत्रमानव पंच. शलाकाला लहानपणापासून मधुमेह. तिच्या बोटावरचा रक्ताचा थेंब तपासून त्यानं फर्मावलं, "साखर चारशे. शर्यतीतून बाद."

"मी नाही जायची!" शलाका धक्क्यावर पाय रोवून उभी राहिली. "वर्षभर ही खाडी कापलीय मी. तुझं यंत्रच खोटारडं!"

"यंत्र खोटं नाही बोलत गं," तिची सुनीती आत्या म्हणाली. असली यंत्रं तीच बनवायची. "रक्त टेकवतो त्या पट्टीवर विकर असतं (ठरावीक पदार्थालाच ओळखणारं प्रथिन). साखर भेटली की ते तिचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते पुढे पोचवतं वाहक बहुवारिक, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. त्यात पेरलेत सोन्याचे अब्जांश कण (एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे बारीक)."

"एवढे बारीक कशाला?"

"अख्खा नारळ केवढा, आणि खवला की ताटभर पसरतो ना? तशी कणांमुळे विकरांना बसायला जागाच जागा. मग थेंबभर रक्तातही साखर जितकी जास्त, तितकी वीज जास्त."

"पण आत्ये, ती साखर रक्तातलीच, हे त्याला कोण सांगतं?"

असं म्हणून शलाकानं बोट हुंगलं. फणस! सकाळी गरे काढल्यावर, गावच्या रीतीप्रमाणे, चीक जावा म्हणून तिनं हात खोबरेल तेलानं चोळून फडक्याला पुसले होते. चीक गेला, गोडवा राहिला. हातांना पाणी लावलंय कुणी!

"पत्रोबा, पुन्हा तपास."

"दुसरी तपासणी नियमात नाही."

"अस्सं?" शलाकानं त्याचं पोलादी बोट आपल्या चिकट मुठीत खसाखसा चोळलं, त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि नवी पट्टी टेकवली.

चारशे बारा.

पत्रोबाचे दिवे फडफडले. "म्हणजे... मीही बाद?"

"आधी हात धुवा रे दोघं!" अख्खा धक्का ओरडला.

साबणानं हात धुतल्यावर पत्रोबाच्या बोटावर साखर सापडेचना. शलाकाची भरली एकशे तीस.

"पुढच्या वर्षी मनगटावरची पट्टी आणते," आत्या म्हणाली. "घामावरून साखर सांगेल. टोचणं नको, काही नको."

"आण. पण तिलाही मी फणस चारून बघणार!" शलाका म्हणाली आणि पत्रोबाकडे वळली. "बघतोस काय? शिट्टी फुंक!"