दोन व्हॉल्व्हवरची गिटार

"अहो, हळू... फुटेल ना ती!"

परतूर स्टेशनावर हमालाच्या डोक्यावरून माझी पेटी घसरली आणि कुणीतरी ती हवेतच झेलली. उंच, सावळा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. पेटीचं झाकण उघडलं होतं. आत मांडीवर आडवी घेऊन वाजवायची गिटार.

"विजेची दिसून राह्यली," तो म्हणाला. "मंग ही माझ्याकडंच येणार."

तो श्रीपती. आमच्या जिनिंग कारखान्याच्या शारदोत्सवासाठी जालन्याहून लाऊडस्पीकर घेऊन आला होता. बाबा तिथं हेडक्लार्क. मी हैदराबादला मावशीकडे गिटार शिकले होते. बाबांनी बजावलं होतं, "एकदाच वाजव, रजनी. हसं झालं, तर पेटी कायमची बंद."

आठवडाभर तालमी चालल्या.

"डोळे मिटून का वाजवता?" त्यानं एकदा विचारलं.

"लोक दिसू नयेत म्हणून."

"मंग मी बी लोकांतच आलो का?"

मी डोळे उघडले.

कार्यक्रमाच्या दिवशी, ऊन उतरताना, ॲम्प्लिफायरच्या बल्बसारख्या चार मोठ्या व्हॉल्व्हांपैकी एक आतून लालभडक झाला. श्रीपतीनं झटकन वायर उपटली. जादा व्हॉल्व्ह नव्हता.

"मग तेवढा एकच काढा," मी म्हणाले.

"न्हाई. दोन्हीकडं दोन-दोन हायेत. इकडचा एक काढला की तिकडचा बी एक काढाय लागतो. न्हाईतर ट्रान्सफॉर्मर जळंल."

कोणता कोणत्या बाजूचा, हे खालच्या वायरींवरूनच कळणार होतं. त्यानं ॲम्प्लिफायरची पेटी उलटी केली. मी बॅटरी धरली होती. उजेड सगळीकडे नाचत होता. वायर काढलेलीच होती, म्हणून मी निर्धास्त... आणि फट्ट आवाज आला.

तो मागे फेकला गेला. हलेना.

"श्रीपती!"

मी त्याच्या उशाशी कधी बसले, कळलंच नाही. किती वेळ गेला कोण जाणे... मग त्याच्या पापण्या हलल्या.

"बंद केल्यावर बी आत वीज ऱ्हाते," तो पुटपुटला. "जल्दी केली मी." मग हळूच, "नाव घेतलंत माझं."

"गप्प बसा!" मला रडू फुटलं.

त्यानं फडक्यानं धरून दोन व्हॉल्व्ह उपसले. दोन व्हॉल्व्हांना चार कर्णे जड, म्हणून दोन कर्णेही सोडवले.

"आवाज निम्मा होईल?"

"बिलकुल न्हाई. जरासाच कमी. वाजवा तर खरं."

स्टेजवर पहिला सूर कापरा निघाला. राहिलेल्या दोनांतला एखादा गेला तर? तो पुन्हा त्या पेटीत हात घालेल तर? माझी नजर पुनःपुन्हा त्याच्याकडेच जात होती. पण सूर मऊ, स्वच्छ येत राहिला. मागची गर्दी ऐकू यावं म्हणून पुढे सरकली, गप्प झाली... आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट.

स्टेजमागे तो वायरी गुंडाळत होता.

"लई भ्यालतो," तो म्हणाला.

"मी पण. वाजवायला नाही... तुम्ही उठलाच नसता, तर—"

वायर त्याच्या हातातून गळली. "रजनी... तुमच्या बाबांना विचारू?"

"काय विचारायचंय?"

बाबा! मागेच उभे. श्रीपतीचा चेहरा पांढराफटक.

"तुमच्या मुलीला... मागणी घालायचीय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं काय?"

"हो..."

"ऐकू आलं नाही."

"हो, बाबा!"

त्यांनी चष्मा काढला. उगीचच बराच वेळ पुसत राहिले.

"सकाळच्या गाडीनं निघू नका," ते श्रीपतीला म्हणाले. "घरी जेवायला या."