तिसाव्या अंशावर

कोल्हापूरच्या चौघांनी अटलांटिक महासागर ओलांडण्याचे व्रत घेतले. पाचशे वर्षांपूर्वी कोलंबसाची गलबते ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने कॅनरी बेटांपासून बहामा बेटांपर्यंत जायचे. आणि आधार शीड, सूर्य व होकायंत्र एवढाच. त्या गलबतांमागून तेथील मूळ रहिवाशांचा सर्वनाश आला, हे चौघांतले रुद्रेश मास्तर कधी विसरले नाहीत. परंतु अज्ञात जलराशीत शीड उभारणाऱ्या त्या खलाशांपुढे त्यांचे मस्तक नत होई.

मास्तरांनी गडहिंग्लजला तीस वर्षे भूगोल शिकवला होता. होडीची दिशा त्यांच्या हाती होती. निवृत्त नौदल अधिकारी विजयसिंह हे प्रमुख, अनुजा डॉक्टर, आणि पेठ वडगावचा कृष्णात हा तालमीत घडलेला सुतार. सॅटेलाइट फोन एका पेटीत लाखबंद केला होता. चौघांचे एकमत झाल्यावाचून लाख फोडायची नाही, आणि फोडली की मोहीम संपली, अशी शपथ अंबाबाईसमोर झाली होती.

नवव्या दिवशी वादळ आले. लाट चढली. होडी आडवी झाली. शिडाचा आडवा वासा सुटला आणि कृष्णातच्या नडगीवर कोसळला! पाण्याची मोठी टाकी तडकली. कुटलेल्या चटणीवाचून लेकाला भाकरी जात नाही म्हणून कृष्णातच्या आईने, विठाबाईंनी, सोबत दिलेला लोखंडी खलबत्ता फळ्यांवरून गडगडू लागला. तो जखमी पायावर आदळू नये, म्हणून मास्तरांनी त्या घाईत तो उचलला आणि समोर दिसलेल्या पहिल्या कोनाड्यात घट्ट बसवला.

त्यानंतर बारा दिवस आकाश ढगांनी झाकलेले राहिले. सूर्य नाही, तारा नाही. सुई दाखवील ती पश्चिम मानून मास्तर होडी हाकीत राहिले. त्यातल्या शेवटच्या दिवसांत वाराही पडला. समुद्र शिळेसारखा निश्चल झाला. दिवसाला माणशी दोन पेले एवढेच पाणी उरले. कृष्णातच्या पायाची बोटे काळी पडू लागली, आणि अनुजाने मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले की आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर पायच काय, माणूसही हाती लागणार नाही.

एकविसाव्या दिवशी भरदुपारी ढग फाटले. मास्तरांनी सूर्याची उंची मोजली. पुन्हा मोजली. पंचविसाव्या अक्षांशावर असायला हवे होते. होडी तिसाव्या अंशावर, वारा जेथे सहसा मरतो त्या पट्ट्यात येऊन पडली होती.

सुई खोटी बोलली होती. मास्तरांनी होकायंत्राची चौकट तपासली आणि खाली वाकून पाहिले. चौकटीखालच्या कोनाड्यात वादळात बसवलेला खलबत्ता होता. तो बाहेर काढताच सुई थरथरली आणि वीस अंश सरकली.

लोखंड सुईला भुलवते, हा धडा त्यांनी तीस वर्षे फळ्यावर लिहिला होता!

त्यांनी तिघांनाही सारे सांगितले, काही न लपवता. विजयसिंहांनी लाखबंद पेटी पुढे ओढली. मग म्हणाले की पेटी उघडण्यास आपली संमती आहे. अनुजाची होतीच. राहिला कृष्णात.

"न्हाय," तो म्हणाला. "माझ्या पायापायी मोहीम मोडायची न्हाय. वारं सुटंल की." मग तापलेल्या डोळ्यांनी तो हसला. "आन् मास्तर, पोरांस्नी छडी मारून शिकिवलं, ते सोता इसरला व्हय?"

"विसरलो," मास्तर म्हणाले. "म्हणूनच पेटी तुझ्या पायासाठी उघडत नाही. माझ्या चुकीसाठी उघडतो."

"शपथ हाय."

"शपथभंगाचे पाप माझे. तुला जगून मला शिव्या द्यायच्या आहेत."

त्यांनी लाख फोडली.

दुसऱ्या दिवशी एक मालवाहू जहाज आले. कृष्णातला झोळीतून वर घेतले. मास्तर सर्वांत शेवटी दोरशिडी चढले. जहाजावरच्या दवाखान्यात अनुजाने त्याच संध्याकाळी पाय गुडघ्याखाली कापला. जीव राहिला. होडी ओढून नेणे शक्य नव्हते. ती तशीच पाण्यावर सोडून द्यावी लागली.

शुद्धीवर येताच कृष्णातने विचारले, "मास्तर, किती राह्यलं हुतं? खरं सांगा."

लहानसे असत्य जिभेवर आले होते. मास्तरांनी ते गिळले.

"अर्ध्याहून जास्त. अर्धीसुद्धा वाट झाली नव्हती."

कृष्णातने डोळे मिटले.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "किनारा जवळ असता, तर जलमभर तुमचं तोंड बघितलं नसतं."

मास्तरांनी त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि तेथेच बसून राहिले.